अकरा फाटकी पुस्तकं

गावातल्या वाचनालयात बावीस वर्षं काढली की आपण स्वतः किती पुस्तकं वाचली हे आठवेनासं होतं, पण कोणी कोणतं पुस्तक कितव्यांदा नेलं हे मात्र पक्कं लक्षात राहतं. किस्से असेच साठतात. कोणी मुद्दाम जमवत नाही. पुस्तक परत घ्यायचं, पानं चाळायची, कार्ड काढायचं, तेवढ्यात समोरचा माणूस काहीतरी बोलून जातो आणि ते घरी कुकर लावताना आठवून हसू येतं. माझ्या नवऱ्याची तर खात्रीच आहे की मी शहापूरच्या वाचनालयात नोकरी करत नाही, गप्पा ठोकायला जाते!

यावेळी मात्र हे सगळे किस्से एकदम वर आले ते एका यादीमुळे.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. आमचे सेक्रेटरी हटवार भाऊ सकाळीच एक कागद घेऊन आले. वर लिहिलं होतं, ‘निर्लेखन’. हा आमच्या खात्यातला भारदस्त शब्द. अर्थ एवढाच की फाटलेलं, पानं सुटलेलं पुस्तक रजिस्टरमधून कायमचं खोडायचं आणि रद्दीत घालायचं. नव्या पुस्तकांचे दोन खोके येणार होते, जागा दोन खोल्यांची, आणि महिनाभरात जिल्ह्याच्या ठिकाणाहून तपासणीला साहेब येणार होते. हटवार भाऊ माणूस वाईट नाही. त्यांना कपाट स्वच्छ लागतं, एवढंच.

यादीत अकरा पुस्तकं होती. ती वाचून माझं डोकंच फिरलं. फाटलेली पुस्तकं म्हणजे कोणती? जी लोक पुन्हा पुन्हा नेतात ती! मी म्हटलं, भाऊ, त्यापेक्षा न फाटलेली काढा, त्यांना वीस वर्षांत कोणी हात लावलेला नाही. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला सुट्टीची गरज आहे.

“मॅडम, चांगल्या स्थितीतली पुस्तकं कशी काढता येतील?”

मी त्याच दिवशी ठरवलं की या अकरांतलं एकही पुस्तक जाऊ द्यायचं नाही. यादीत पहिलंच नाव होतं नदीकाठच्या एका होडीवाल्याच्या कादंबरीचं. पुठ्ठा गेलेला, कागद पिवळा पडलेला. ती एकच वाचक नेत असे, भागरथाबाई. तलावात मासे धरणाऱ्या घरातल्या, साठीच्या पुढच्या. आणि गंमत अशी की दोन वर्षांपूर्वीपर्यंत भागरथाबाईंना वाचताच येत नव्हतं.

त्यांचं सांगतेच. पण आधी बाकीच्यांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढे जो गोंधळ झाला तो सगळ्यांनी मिळून केला.

*

सहसराम काका तुमसरच्या एका राइस मिलमध्ये पोती शिवायचे. चाळीस वर्षं हातात दाभण आणि सुतळी. रिटायर होऊन गावी आले आणि एका रहस्यकथेच्या प्रेमात पडले. धान कापून झालं, घरात आलं, की काका तेच पुस्तक न्यायला हजर. माझ्या देखत त्यांनी ते तेरा वेळा नेलं.

पुस्तकात एकच खून आहे आणि खुनी शेवटून दुसऱ्या पानावर सापडतो. एकदा न राहवून मी विचारलं की काका, खुनी कोण हे तुम्हाला पहिल्या पानापासून ठाऊक, मग मजा कसली येते?

काका चष्मा पुसत म्हणाले, “मले मालूम आहे जी. पण त्या इन्स्पेक्टरले अजून मालूम नाही. त्याले एकट्याले कसा सोडू?”

*

दुसरं पुस्तक कौशल्याबाईंचं. प्रेमकथा. त्या सोमवारी नेत आणि मला बजावत की आमच्या सुनेला सांगू नका. घरी गेल्यावर पुस्तक कुठे ठेवायचं? तर धानाच्या ढोलीत, म्हणजे बांबूच्या त्या मोठ्या कणगीत, वरच्या धानात खुपसून. खूण म्हणून पानात तणसाची, धानाच्या पेंढ्याची, एक काडी.

एक दिवस तक्रार घेऊन आल्या की काडी रोज तीस-चाळीस पानं पुढे गेलेली असते. काडी कोण सरकवतं ते मला ठाऊक होतं, कारण आदल्याच दिवशी त्यांची सून प्रणाली स्पर्धा परीक्षेचं पुस्तक बदलायला आली होती आणि हळूच म्हणाली होती, “मॅडम, आई फार सावकाश वाचतात हो. मला पुढे जाऊन थांबून राहावं लागतं.”

आता दोघींचा मान राखायचा तर खोटं बोलणं आलं. मी कौशल्याबाईंना सांगितलं की धानात पुस्तक ठेवता, तर उंदीर काडी ओढत असेल.

कौशल्याबाईंनी पुस्तक पिशवीत टाकलं. “उंदीर वाचून राहिला म्हणता? बरं आहे. मंग त्याले सांगा का वाचून झालं का काडी जिथली तिथं ठेवत जाय.”

*

लांजेवार गुरुजींचं पुस्तक हिमालयातल्या प्रवासाचं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. आमच्याकडच्या मे महिन्याबद्दल काय सांगावं! दुपारी बारानंतर हायवेवरही माणूस दिसत नाही. गुरुजी त्या दिवसांत डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन आमच्या वाचनकक्षात बसत आणि बर्फाच्या वादळाचं प्रकरण उघडत. ते प्रकरण सुरू झालं की उठून कूलर बंद करत. बाकीचे वाचक ओरडत, गुरुजी म्हणत, गार लागतं.

त्यांच्या पुण्याच्या मुलानं एका वर्षी हौसेनं वडलांना थेट हिमालयात नेलं. गुरुजींनी वाचनालयाचं पुस्तक सोबत नेलं, माझी खास परवानगी घेऊन. पंधरा दिवसांनी परत आले. आम्ही सगळे भोवती जमलो, म्हटलं, सांगा गुरुजी, कसा आहे हिमालय?

गुरुजींनी पुस्तक टेबलावर ठेवलं. “जागा चांगली आहे. पण थंडीनं बोटं आखडतात, पान उलटता येत नाही. पंधरा दिवसांत एक प्रकरण झालं नाही. आता हे पुन्हा माझ्या नावावर चढवा, घरी बसून नीट पाहतो.”

*

आता भागरथाबाई.

त्यांचे यजमान डोमाजी चौथी शिकलेले. तलावात जाळी टाकून आले की घराच्या ओट्यावर बसून बायकोला पुस्तक वाचून दाखवत. होडीवाल्याची कादंबरी तिला आवडली म्हणून वाचनालयाचं कार्डही त्यांनी तिच्याच नावावर काढलं. सहीच्या जागी अंगठा. वर्षातून चार-पाच वेळा तरी ते पुस्तक त्या घरी जाई आणि परत येताना पानांत माशाचे एक-दोन खवले असत. मी सुरुवातीला रागवायचे, मग सवय झाली.

दोन वर्षांपूर्वी डोमाजी गेले. तेरावं झालं आणि भागरथाबाई पुस्तक घेऊन आल्या. मला वाटलं, आता कार्ड बंद करतील. त्या म्हणाल्या की हे जमा करा आणि आत्ताच पुन्हा द्या. मी विचारलं, आता वाचून कोण दाखवणार?

“कोण कायले? मीच वाचीन. तुम्ही शिकवा.”

मी हौसेनं बालवाडीचं पुस्तक काढलं. त्यांनी पहिलं पान पाहिलं, अननसाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं की हे काय आहे. मी सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, हे मी कधी पाहिलं नाही, मला याच्यापासून सुरुवात करायची नाही. शिकेन तर याच कादंबरीतून, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पूर्ण वाचीन. त्याशिवाय उठणार नाही.

झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी बस स्टँडजवळ मासळी विकून झाली की त्या येत. टोपली दाराबाहेर, हात धुऊन खुर्चीवर. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मी पहिलं पान उघडून दिलं आणि बाई घडाघडा वाचायला लागल्या! एक शब्द चुकला नाही. जवळ जाऊन पाहते तर पुस्तक उलटं धरलेलं.

सगळं पाठ होतं ना. वीस वर्षं ऐकलेलं. आता जिला पुस्तक पाठ आहे तिला ते वाचायला शिकवायचं कसं? मी एका पोस्टकार्डाला मधोमध खिडकी पाडली, एका वेळी एकच शब्द दिसेल एवढी, आणि पानाच्या शेवटच्या शब्दापासून वर वर न्यायला लागले. भागरथाबाईंना हा प्रकार अजिबात पटला नाही.

“असा एकएक शब्द पाहून काय समजते? जाळ्याचं एक घर पाहून मासा दिसते का?”

मी म्हटलं, समजत नाही म्हणूनच तर वाचावं लागतं. त्या माझ्यावर आठवडाभर चिडून होत्या, पण शुक्रवार चुकवला नाही. पावसाळ्यात चुकवला नाही, पायाला काच लागली तेव्हाही चुकवला नाही. पुढे पोस्टकार्ड त्यांनी स्वतःच बाजूला सारलं. हटवार भाऊंची यादी आली तेव्हा बाई शेवटून दुसऱ्या प्रकरणात होत्या.

आणि त्या यादीत त्यांचं पुस्तक पहिलं होतं.

*

मी एक युक्ती केली. तपासणीच्या आदल्या दिवशी अकराही पुस्तकं ज्याची त्याला देऊन टाकली. पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर कोण पाहणार आणि कोण खोडणार? वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला की गुरुवारी ही पुस्तकं घरीच ठेवावीत, कृपया वाचनालयात आणू नयेत. सगळ्यांचे अंगठे आले. मी निर्धास्त झोपले.

गुरुवारी अकरा वाजता साहेबांची गाडी आली. मी त्यांना घेऊन वाचनकक्षात शिरले आणि दारातच थिजले. अख्खी खोली भरलेली! सहसराम काका, लांजेवार गुरुजी, कौशल्याबाई आणि प्रणाली एकाच बाकावर एकच पुस्तक धरून, आणि कोपऱ्यात भागरथाबाई ओळीवर बोट ठेवून. अकराची अकरा फाटकी पुस्तकं हजर!

नंतर कळलं की आदल्या संध्याकाळी काकांच्या ओट्यावर मीटिंग झाली होती आणि काकांनीच विषय काढला होता. “साहेब येऊन राहिला अन् आपण पुस्तक घरात दडवून बसाचं? आपण का चोरी केली?” त्यावर एकमत झालं. गावानं एकमतानं केलेली ही माझ्या आठवणीतली एकमेव गोष्ट.

हटवार भाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. साहेब मात्र शांतपणे एकेक पुस्तक हातात घेऊन पाहत होते. काकांचं पुस्तक त्यांनी उघडलं, झुकून पाठीकडची बाजू पाहिली, बोट फिरवलं. सगळी पानं जाड सुतळीनं गच्च शिवलेली. काकांनी रात्रभर बसून स्वतःचं आणि इतर नऊ पुस्तकं दाभणानं शिवली होती आणि मला पत्ता नव्हता.

साहेबांनी विचारलं की बाइंडिंग कोणी केलं. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, चाळीस वर्षं पोती शिवली साहेब, एकाचाही टाका उसवला नाही.

साहेब गेले. संध्याकाळी आम्ही शेऱ्याचं रजिस्टर उघडलं. साहेबांनी लिहिलं होतं: ‘वाचकांची उपस्थिती समाधानकारक. पुस्तकांची बांधणी मजबूत.’

*

तर दहा पुस्तकं वाचली. अकरावं अडकलं.

भागरथाबाईंच्या पुस्तकाला काकांनी दाभण लावून पाहिलं होतं, पण कागद इतका कुजका झाला होता की सुई शिरली तिथे भुगा व्हायचा. काका माझ्याजवळ येऊन मान खाली घालून म्हणाले, हे टाका धरत नाही. हटवार भाऊंनी यादीतली दहा नावं खोडली आणि अकराव्यावर पेन टेकवून थांबले. म्हणाले, बाईंचं वाचून होऊ द्या. शेवटचं पान झालं की हे जमा करा, मग मी खोडतो. यापेक्षा जास्त त्यांच्याकडून मागवेना.

दोन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी शेवटचं पान आलं.

मी समोर बसले होते. कादंबरी मला माहीत होती. होडीवाल्याची बायको पुराच्या दिवशी पलीकडे गेलेली असते, सगळं गाव काठावर वाट पाहत उभं असतं, आणि होडी रिकामी परत येते. तिथेच पुस्तक संपतं. भागरथाबाई बोट सरकवत होत्या, शब्द स्वच्छ उच्चारत होत्या. साठीनंतर शिकलेली बाई पुस्तकाचं शेवटचं पान वाचतेय, आणि ते माझ्या टेबलावर!

बोट एका शब्दावर थांबलं. त्यांनी तो पुन्हा वाचला. मग पुस्तक माझ्याकडे फिरवून म्हणाल्या की हे तुम्ही वाचा. मी वाचलं, ‘होडी रिकामीच काठाला लागली.’

“पुढचं पान?”

मी सांगितलं की पुढे पान नाही, गोष्ट इथेच संपते. त्यांनी पान उलटून पाहिलं. कोरं होतं. उसवलेल्या शिवणीत बोट घालून पाहिलं, एखादं पान गळलंय का. मी रजिस्टर काढून पानांचा आकडा दाखवला. पानं पूर्ण होती.

“बुढा वाचे तवा ते होडीवाल्याची बायको वापस येते,” भागरथाबाई म्हणाल्या. “दर डाव वापस येते.”

वीस वर्षं डोमाजींनी या शेवटच्या पानावर येऊन काय वाचलं होतं कोण जाणे, पण छापलेलं वाचलं नव्हतं. बाईंनी पुस्तक पदरात गुंडाळलं, टोपली उचलली आणि निघून गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण हिला वाचायला शिकवलं हे पाप केलं.

मंगळवारी त्या आल्या नाहीत. शुक्रवारी नाहीत. तीन आठवडे नाहीत. हटवार भाऊंनी दोनदा आठवण केली. शेवटी एका दुपारी ती एका नावाची यादी पर्समध्ये टाकून मीच निघाले. पुस्तक आणायचं होतं, पण खरं तर बाईंना पाहायचं होतं, आणि काय तोंडानं पाहायचं ते रस्ताभर ठरत नव्हतं.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, थंडीतलं चांगलं ऊन पडलं होतं. पाच-सहा बाया जाळी पसरून तुटलेली घरं विणत बसल्या होत्या आणि मधे भागरथाबाई, मांडीवर ते पुस्तक. आवाज लांबूनच ऐकू येत होता. शेवटचं प्रकरण चाललं होतं. मी मागून जाऊन एका दगडावर टेकले, कोणाचं लक्ष गेलं नाही. मला त्यांच्या खांद्यावरून पान दिसत होतं.

सगळं जसं छापलं होतं तसंच वाचत होत्या. पूर, काठावरचं गाव, सगळं शब्दाला शब्द. बायांचे हात थांबले होते. शेवटची ओळ आली. भागरथाबाईंचं बोट अगदी सावकाश, एकही शब्द न सोडता, ‘होडी रिकामीच काठाला लागली’ या शब्दांखालून सरकत होतं, आणि ठणठणीत आवाजात त्या वाचत होत्या: “डोंगा काठाले लागला. त्यातून ते उतरली, लुगड्याचा पदर पिळला, अन् म्हणाली, भात शिजला का जी?”